वाटायचे की भेटायचे?

मसावि आणि लसावि ही सहावी-सातवीच्या गणितातली दोन नावे. महत्तम सामाईक विभाजक म्हणजे मसावि आणि लघुत्तम सामाईक विभाज्य म्हणजे लसावि. मुले या व्याख्या पाठ करतात, रीतही शिकतात. पण शाब्दिक उदाहरण समोर आले की त्यांचा हात थांबतो. 'सर, यात मसावि काढायचा की लसावि?' हा प्रश्न आम्ही आजवर किती वेळा ऐकला असेल याची मोजदाद नाही. तो घरोघरी आईवडिलांनाही ऐकावा लागत असेल, आणि 'आम्हाला काय विचारतोस, आम्ही कुठे शिकलो?' असे म्हणून अनेकजण तो टाळत असतील. हा लेख मुख्यतः त्या पालकांसाठी आहे.

आम्ही दोघे पती-पत्नी नामपूरला राहतो. बागलाण तालुक्यातले, मोसम नदीच्या काठचे हे बाजारपेठेचे गाव. कांदा आणि डाळिंब यांवर इथला सारा व्यवहार चालतो. आमच्यापैकी एकाने प्राथमिक शाळेत नोकरी केली, दुसरीने शिवणकाम करून संसाराला हातभार लावला. २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या आणि मोबाईलवर शिक्षण सुरू झाले. वस्तीतल्या अनेक घरांत मोबाईल एकच, तोही वडील कामावर घेऊन जाणार. पुढे शाळा उघडल्या तेव्हा पाचवी-सहावीतल्या मुलांना भागाकार येईनासा झाला होता. म्हणून आम्ही संध्याकाळी समाजमंदिरात वर्ग सुरू केला. फी नाही, सक्ती नाही. बारा-पंधरा मुले येतात. डिसेंबर-जानेवारीत कांद्याची लागवड सुरू झाली की निम्मीच उरतात, कारण मोठी मुले आईबरोबर शेतात जातात किंवा लहान भावंडांना सांभाळायला घरी थांबतात.

मसावि शिकवताना पहिली अडचण येते ती नावाची. आमची मुले घरात अहिराणी बोलतात. 'महत्तम' हा शब्द त्यांच्या कानावर कधी पडलेला नसतो. 'सगळ्यांत मोठा' असा त्याचा अर्थ सांगावा, तर १२ आणि १८ चा मसावि येतो ६, म्हणजे दोन्ही संख्यांपेक्षा लहान! 'लघुत्तम' म्हणजे सगळ्यांत लहान, आणि लसावि येतो ३६, म्हणजे दोन्हींपेक्षा मोठा! एका मुलाने तर सरळच विचारले, "सर, महत्तम म्हनतस आनि हाई तं धाकलं शे!" त्याची शंका रास्त होती. विभाजक मुळात लहानच असतात, त्यांतला मोठा तो मसावि. विभाज्य मुळात मोठेच असतात, त्यांतला लहान तो लसावि. हे एकदा सावकाश सांगितले पाहिजे. अनेकदा घाईत ते सांगायचे राहून जाते.

'सामाईक' हा शब्द मात्र मुलांच्या परिचयाचा निघाला. सातबारा उताऱ्यावर 'सामाईक विहीर', 'सामाईक क्षेत्र' असे लिहिलेले असते. ज्यांच्या नावावर जमीन नाही त्यांच्या घरीही 'सामाईक भिंत' असतेच, आणि तिच्यावरून भांडणेही होतात. सामाईक म्हणजे दोघांचे. १२ चे विभाजक १, २, ३, ४, ६, १२ आणि १८ चे विभाजक १, २, ३, ६, ९, १८. यांत दोघांचे कोणते? १, २, ३, ६. त्यांतला सगळ्यांत मोठा ६. आम्ही मधला शब्द आधी पक्का करून घेतो, मग बाकीचे दोन.

त्यानंतर पुस्तक मिटून वाटपाकडे वळतो. जयंतीला हार-फुलांऐवजी वह्या-पेन आणण्याची पद्धत आता बऱ्याच ठिकाणी रूढ होत आहे. समजा, ८४ वह्या आणि ६० पेन जमले. प्रत्येक मुलाला सारख्या वह्या, सारखे पेन मिळाले पाहिजेत आणि काहीही उरता कामा नये. तर जास्तीत जास्त किती मुलांना वाटता येईल? मुले दोन मुलांपासून सुरुवात करतात. दोघांना जमते. तिघांना, चौघांना, सहा जणांनाही जमते. पाच जणांना नाही, कारण ८४ ला ५ ने भाग जात नाही. शेवटी १२ मुलांना प्रत्येकी ७ वह्या आणि ५ पेन देता येतात, आणि त्यापुढे गाडी जात नाही. हा १२ म्हणजेच मसावि. 'महत्तम' या शब्दाचा अर्थ इथे मुलांना खरा कळतो. सारखे वाटून, काही न उरवता, जास्तीत जास्त जणांपर्यंत पोचायचे, म्हणजे मसावि काढायचा.

ज्यांचा भागाकार कच्चा आहे त्यांच्यासाठी एक जुनी रीत आहे. त्यात फक्त वजाबाकी लागते. दोन संख्यांतील मोठीतून लहान वजा करायची, आणि उरलेल्या दोघांत पुन्हा तेच करायचे. ८४ मधून ६० गेले, राहिले २४. आता ६० आणि २४. ६० मधून २४ गेले, ३६. ३६ मधून २४ गेले, १२. २४ मधून १२ गेले, १२. दोन्हीकडे १२ आले, थांबा. हाच मसावि. असे का होते, हेही मुलांना सांगावे. जी संख्या ८४ ला आणि ६० ला पूर्ण भागते, ती त्यांच्या फरकालाही पूर्ण भागणारच. म्हणून आकडे लहान होत गेले तरी सामाईक विभाजक हरवत नाहीत. ग्रीक गणिती युक्लिडच्या ग्रंथात ही रीत आहे, आणि त्याला सुमारे २३०० वर्षे झाली. इ.स. ४९९ मध्ये आर्यभटाने लिहिलेल्या ग्रंथातील 'कुट्टक' या पद्धतीतही असेच पुन्हा पुन्हा भागत जावे लागते. भागाकार येत नाही म्हणून मागे बसणारी मुले या रीतीने मसावि काढू लागली, तेव्हा त्यांचा चेहरा बदललेला आम्ही पाहिला. आधी मसावि आला, त्याच्या मागोमाग भागाकारही आला.

लसाविसाठी आम्ही पाण्याकडे जातो. मोसम, आरम, पांझरा या नद्यांच्या खोऱ्यांत फड पद्धतीचे सिंचन शतकानुशतके चालत आले. नदीवर बंधारा, त्यातून पाट, पाटाचे पाणी फडाफडांना पाळीने. आता त्यातले पुष्कळ मोडले आहे. पण 'पाळी' हा शब्द प्रत्येकाच्या तोंडी आहे. समजा, एका शेताला दर ८ दिवसांनी पाणी मिळते आणि दुसऱ्याला दर १२ दिवसांनी. आज दोघांची पाळी एकाच दिवशी आली. पुन्हा दोघे पाटावर कधी भेटतील? पहिल्याची पाळी ८, १६, २४, ३२ व्या दिवशी. दुसऱ्याची १२, २४, ३६ व्या दिवशी. भेट २४ व्या दिवशी. पुढेही ते ४८ व्या, ७२ व्या दिवशी भेटतीलच, पण पहिली भेट चोविसाव्या दिवसाची. म्हणून तो 'लघुत्तम'.

काही मुले लगेच ८ गुणिले १२ करून ९६ सांगतात. ९६ व्या दिवशी भेट होते हे खरे, पण तोपर्यंत तीन भेटी होऊन गेलेल्या असतात. मग आम्ही विचारतो, ८ आणि १२ मध्ये सामाईक काय? ४. तो चार गुणाकारात दोनदा मोजला गेला, एकदा ८ मध्ये, एकदा १२ मध्ये. एकदा काढून टाका. ९६ भागिले ४ म्हणजे २४. यातूनच मसावि गुणिले लसावि बरोबर त्या दोन संख्यांचा गुणाकार, हे सूत्र मिळते. वह्या-पेनांच्या उदाहरणात ते पडताळून पाहा. ८४ आणि ६० यांचा मसावि १२, लसावि ४२०. १२ गुणिले ४२० म्हणजे ५०४०, आणि ८४ गुणिले ६० म्हणजेही ५०४०. हा ताळा करायला मुलांना मोठी गंमत वाटते.

तर मसावि की लसावि, हा प्रश्न आला की आमची मुले आता एकमेकांना विचारतात, "वाटायचे की भेटायचे?" कापड कापायचे, फरशी बसवायची, गोण्या भरायच्या, रांगा करायच्या, म्हणजे वाटायचे; तिथे मसावि. घंटा एकत्र वाजणार, दोन एस.टी. गाड्या एकाच वेळी सुटणार, दोन पाळ्या जुळणार, म्हणजे भेटायचे, तिथे लसावि.

काही ठिकाणी मुलांना एक सोपी खूण शिकवली जाते. उदाहरणात 'जास्तीत जास्त' दिसले की मसावि आणि 'कमीत कमी' दिसले की लसावि. पालकांनी या खुणेपासून सावध राहावे. हे उदाहरण घ्या. ७२ किलो गहू आणि ४५ किलो बाजरी आहे. दोन्ही न मिसळता, सारख्या वजनाच्या पूर्ण भरलेल्या पिशव्या करायच्या आहेत. कमीत कमी किती पिशव्या लागतील? 'कमीत कमी' पाहून मुलगा लसावि काढतो आणि ३६० वर जाऊन पोचतो. धान्य सगळे मिळून ११७ किलो आणि पिशव्या ३६०! खरे तर पिशव्या कमी हव्यात म्हणजे पिशवी मोठी हवी. ७२ आणि ४५ चा मसावि ९, म्हणून ९ किलोची पिशवी. गव्हाच्या ८, बाजरीच्या ५, एकूण १३. उदाहरणात काय घडते आहे ते डोळ्यांपुढे आणले की शब्द फसवत नाहीत.

आमच्या वर्गातल्या एका मुलीविषयी सांगितले पाहिजे. सहावीत होती. वही स्वच्छ, अक्षर वळणदार, पण गणिताच्या वेळी कोपऱ्यात बसायची. काही विचारले की म्हणायची, "गणित माझ्या डोक्यात बसत नाही." तिच्या आईला आम्ही भेटलो, तर आईनेही तेच सांगितले. "आमच्या घरात कुणालाच गणित आलं नाही, हिला कुठून येणार? सातवी झाली की बघू." या 'बघू'चा अर्थ आम्हाला ठाऊक होता. सातवीनंतर शाळा सुटणार आणि मुलगी आईबरोबर लागवडीला जाणार. हीच आई बायांची टोळी घेऊन कांदे लावायला जाते. शेतमालकाशी बोलणे, बाया जमवणे, ठेक्याचे पैसे वाटणे, सगळे ती करते. तिच्याकडे वही नाही, सारा हिशेब तोंडी.

एका संध्याकाळी आम्ही त्या ताईंना वर्गात बोलावले. आधी त्या येईनात. "मी अंगठेबहाद्दर, पोरांसमोर काय सांगू?" असे त्यांचे म्हणणे. शेवटी आल्या, दाराशी बसल्या. आम्ही त्यांना पुस्तकातले काही विचारले नाही. एवढेच विचारले की, "ताई, एका शेतात १८ वाफे आहेत, दुसऱ्यात २४. दोन्हीकडे त्याच बाया लावणार. कुणाच्या वाट्याला वाफा कमी-जास्त येऊ द्यायचा नाही. जास्तीत जास्त किती बाया न्याल?" त्यांनी क्षणभर छताकडे पाहिले आणि म्हणाल्या, "सहा. इकडे तीन-तीन, तिकडे चार-चार." मुले पाटीवर आकडे मांडतच होती. आम्ही विचारले, "नऊ नेल्या तर?" त्या हसल्या. "नऊ नेल्या तर दुसऱ्या शेतात भांडण. दोन-दोन वाफे होऊन सहा उरतील. ते कोणी लावायचे?"

मुलगी आईकडे पाहतच राहिली. मग हळूच म्हणाली, "आईला मसावि येतो."

त्या दिवसापासून ती कोपऱ्यातून उठली असे आम्ही म्हणणार नाही. त्याला दोन-तीन महिने लागले. पण 'आमच्या घरात कुणाला गणित आलं नाही' हे वाक्य त्या घरातून गेले. पुढे तिने आठवीची शिष्यवृत्ती परीक्षा दिली. गुणवत्ता यादीत नाव आले नाही. आई निकाल विचारायला आली तेव्हा आम्ही गुणपत्रक वाचून दाखवले. गणिताचे गुण भाषेपेक्षा जास्त होते. आई म्हणाली, "मग शिकू द्या पुढं." मुलगी नववीत गेली.

मसावि-लसावि हा एवढासा भाग. त्यावर इतके लिहायचे कारण असे की, गणितातली गळती पुष्कळदा इथूनच सुरू होते. लसावि कळला नाही तर वेगवेगळ्या छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज येत नाही. अर्धा अधिक एक तृतीयांश किती? २ आणि ३ चा लसावि ६. अर्धा म्हणजे सहांतले तीन, एक तृतीयांश म्हणजे सहांतले दोन, मिळून सहांतले पाच. हे जमले नाही तर अपूर्णांक अडतो. अपूर्णांक अडला की शेकडेवारी, व्याज, गुणोत्तर अडते, आणि आठवी-नववीत बीजगणितही अडते. दहावीला गणितात नापास झालेला मुलगा पाहिला की आपण म्हणतो, याने अभ्यास केला नाही. त्याची वाट कदाचित सहावीतच चुकलेली असते. पाचवीच्या मुलांसाठी नवोदय विद्यालयाची जी प्रवेश परीक्षा असते तिच्या अंकगणितातही मसावि-लसावि आहे. आपल्या नाशिक जिल्ह्याचे नवोदय दिंडोरी तालुक्यात खेडगावला आहे. निवासी शाळा, राहणे-जेवण-पुस्तके मोफत. मजुराच्या मुलाला ते दार मोठे आहे, आणि त्या दारात असलेच प्रश्न उभे असतात.

आमच्या वर्गात एक नियम आहे. रोज प्रत्येकाने एकदा तरी फळ्यापाशी यायचे, उत्तर येवो न येवो. बाबासाहेब शाळेत असताना त्यांना उदाहरण सोडवायला फळ्यापाशी बोलावले गेले, तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुले ते उचलायला धावली होती, हा प्रसंग आपल्या वाचकांना ठाऊक आहे. फळ्यापर्यंत जायलाच ज्यांना अडवले गेले, त्यांची मुले आज आपणहून मागे बसली तर ते आम्हाला बघवत नाही. म्हणून खडू हातात द्यायचा. चुकले तर दुसऱ्याने येऊन पुढे सोडवायचे, हसायचे कोणी नाही.

घरी पालकांना काय करता येईल? फार काही लागत नाही. केळी आणि बांगड्या डझनावर का मिळतात, ते मुलांना विचारा. १२ वस्तू दोघांत, तिघांत, चौघांत, सहा जणांत सारख्या वाटता येतात. १० वस्तू तिघांत वाटून पाहा म्हणजे फरक कळेल. तासाची मिनिटे ६० का? १ ते ६ या सगळ्या संख्यांनी ६० ला पूर्ण भाग जातो, आणि अशी ती सगळ्यांत लहान संख्या आहे, म्हणजे त्यांचा लसावि. डाळिंबे निवडायला बसलात तर कोडे घाला. चार-चारचे ढीग केले तर एक उरते, पाच-पाचचे केले तर एक उरते, सहा-सहाचे केले तरी एकच उरते. कमीत कमी डाळिंबे किती? ४, ५, ६ चा लसावि ६०, त्यात एक मिळवा, ६१. ओळीने आकडे म्हणण्याचा खेळही घ्या. तीनच्या पाढ्यातला आकडा आला की 'इडली' म्हणायचे, पाचच्या पाढ्यातला आला की 'वडा', आणि दोन्हींतला आला की 'इडली-वडा'. २०२४ मध्ये निघालेल्या एनसीईआरटीच्या सहावीच्या गणिताच्या पुस्तकात हा खेळ दिला आहे. आमच्याकडची मुले 'भाकर' आणि 'ठेचा' म्हणून तो खेळतात. 'भाकर-ठेचा' पहिल्यांदा १५ ला येतो, मग ३० ला, मग ४५ ला.

मुलांना दूरच्या गोष्टींचे कुतूहल असते, तेव्हा ही एक गोष्टही सांगा. अमेरिकेत सिकाडा नावाचा कीटक आहे. त्याच्या काही झुंडी जमिनीखाली १३ वर्षे राहून बाहेर पडतात, काही १७ वर्षे. १३ आणि १७ यांत १ शिवाय सामाईक काही नाही, म्हणून त्यांचा लसावि म्हणजे सरळ गुणाकार, २२१. अशा दोन मोठ्या झुंडी २०२४ मध्ये एकाच वर्षी बाहेर आल्या. त्याआधी त्या एकत्र आल्या होत्या १८०३ मध्ये. २०२४ मधून १८०३ मुलांनाच वजा करू द्या. पुन्हा कधी येतील तेही त्यांनाच काढू द्या.

आजकाल मोबाईलला विचारले की उत्तर तत्काळ मिळते, मग हे सगळे कशाला, असे काही पालक म्हणतात. मोबाईल उत्तर सांगेल. पण ते आपल्या वाफ्यांना, आपल्या मजुरीला लागू पडते की नाही, हे पडताळून घ्यायला गणित डोक्यात असावे लागते. नाहीतर कोणीही काहीही हिशेब पुढे करील आणि आपण मान डोलावू.

तेव्हा आज रात्री जेवणे झाली की मुलाला किंवा मुलीला जवळ बसवा. शाळेचे पुस्तक काढू नका. तुमच्या रोजच्या कामातले एक उदाहरण सांगा, गोण्यांचे, विटांचे, कापडाचे, दुधाच्या रतिबाचे, आणि विचारा की यात वाटायचे आहे की भेटायचे आहे. तुम्हाला उत्तर येत असेलच. फक्त त्याला मसावि किंवा लसावि म्हणतात हे मुलाकडून समजून घ्या. त्यालाही बरे वाटेल.